मुंबईच्या दमट हवेत सीडी-डीव्हीडी वर्षानुवर्षे टिकवण्याची रीत

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांना कबुतरे हुसकावण्यासाठी सुतळीने बांधलेल्या सीडी अजूनही लटकताना दिसतात. आमच्या स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडील खिडकीलाही अशा दोन सीडी होत्या. एक दुकानातून विकत आणलेल्या चित्रपटाची, कारखान्यात छापलेली, आणि दुसरी घरच्या संगणकावर लिहिलेली. होळीच्या सुमारास बांधलेल्या त्या सीडी पाऊस सुरू होण्याआधी मी सोडवल्या, तेव्हा छापील सीडी धूळ पुसल्यावर पूर्वीसारखीच चकाकली. घरी लिहिलेल्या सीडीची निळसर-हिरवी पाठ मात्र विटून जवळजवळ पांढुरकी झाली होती आणि ड्राइव्हने ती ओळखलीही नाही. कबुतरांनी दोन्हींची पर्वा केली नव्हती, हा भाग वेगळा.

या दोन सीडींमधला फरक समजला की जपणुकीचे बहुतेक नियम आपोआप समजतात. छापील सीडीत माहिती प्लॅस्टिकमध्येच उमटवलेल्या सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. लिहिण्याजोग्या सीडीत असे खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो, रायटरचा लेसर तो थर जागोजागी तापवून त्याचे रूप पालटतो, आणि त्यामागे प्रकाश परतवण्यासाठी चांदीचा, क्वचित महागड्या सीडीत सोन्याचा, पापुद्रा असतो. म्हणजे आजोबांचा आवाज किंवा मुलाच्या बारशाची फोटो-मालिका एका रंगाच्या थरावर आणि चांदीच्या एका पापुद्र्यावर विसंबून असते. रंग उन्हाने विटतो हे दांडीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून ठाऊक असते आणि चांदी काळी पडते हे देव्हाऱ्यातल्या निरांजनावरून.

थर कोठे आहे यावरही बरेच अवलंबून असते. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, पण माहितीचा थर त्या जाडीच्या अगदी वरच्या टोकाला, नाव लिहिण्याच्या बाजूला, लाखेसारख्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून सीडीच्या चकचकीत बाजूवरचा ओरखडा पुष्कळदा निभावून जातो आणि नावाच्या बाजूवरचा बारीक ओरखडा मात्र माहिती कायमची खरवडून नेतो. लोक नेमके उलटे समजतात आणि नावाची बाजू खाली करून सीडी टेबलावर ठेवतात. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मध्ये असते, त्यामुळे तिला ओरखड्यापेक्षा वाकवण्याचे व कडेने शिरणाऱ्या ओलाव्याचे भय अधिक. ब्ल्यू-रे डिस्कमध्ये माहिती वाचण्याच्या बाजूपासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असते. त्या बाजूवर कठीण लेप असतो खरा, पण तिथे बोट लावू नये हे उत्तम.

हवा कोरडी करणे हेच मुख्य काम

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत डिस्क ४ ते २० अंश सेल्सियस तापमानात आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवाव्यात असे सांगितले आहे. मुंबईच्या माणसाला हे आकडे वाचून हसू येईल. येथे जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज राहते, भिंतींना ओल येते, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते आणि मिठाच्या डब्यात पाणी सुटते. वीस अंश तापमान वर्षभर राखणे तर सामान्य घराला परवडणारेच नाही. पण या दोन अटींपैकी आर्द्रतेची अट आपल्याला थोड्या खर्चात पाळता येते, आणि माझ्या मते मुंबईत तीच अधिक महत्त्वाची आहे, कारण डिस्क ज्या प्लॅस्टिकची असते ते पॉलिकार्बोनेट काचेसारखे दिसत असले तरी काचेसारखे अभेद्य नाही. ते हळूहळू ओलावा शोषते, सोडते आणि पलीकडे जाऊ देते.

ओलाव्याबरोबर बुरशीही येते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातून आणलेल्या एका सीडीत बुरशीने कडेकडून शिरकाव करून आतला थर खाल्ल्याचे स्पेनमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले होते. तिसरा शत्रू गंधक. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी पुढे कडेपासून तांबूस होत गेल्या, कारण चांदीच्या थरावरचा लेप पुरेसा चांगला नव्हता आणि पुस्तिकांच्या कागदातील गंधक आत पोहोचले. मुंबईच्या हवेत गंधकयुक्त वायूंची कमतरता नाही. खाडी व नाले जवळ असलेल्या घरांत हे अधिक जाणवते. यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. ज्या खोलीत डिस्क ठेवायच्या आहेत तिथे घासून लख्ख केलेली चांदीची वाटी महिनाभर उघडी ठेवावी. ती लवकर काळवंडली, तर त्या हवेत डिस्क उघड्या रॅकवर ठेवणे योग्य नाही.

उपाय म्हणजे खोली कोरडी करण्याच्या नादी न लागता डिस्कभोवती एक छोटी कोरडी खोली तयार करणे, म्हणजेच हवाबंद डबा. पावसाळ्यापूर्वी पापड, कडधान्ये, मसाले भरून ठेवण्याची आगोट ज्यांच्या घरी होते त्यांना हे काम नव्याने शिकवण्याची गरज नाही. फरक एवढाच की आगोट वैशाखात भरतात आणि डिस्कांचे डबे पौष-माघात भरावेत, कारण मुंबईची हवा वर्षातून त्याच दिवसांत, त्यातही दुपारी, सर्वांत कोरडी असते. मे महिन्यात डबा भरला तर आपण दमट हवाच आत कोंडतो.

डबा पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा. त्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. झाकणाला रबराऐवजी सिलिकॉनची कड असावी, कारण रबरात पुष्कळदा गंधक असते. याच कारणाने डिस्कांच्या केसेस रबरबँडने बांधू नयेत. मऊ पीव्हीसीच्या, वास येणाऱ्या पाकिटांनाही डब्यात थारा देऊ नये. विकत घेतलेला डबा हवाबंद आहे की नाही हे त्यावरच्या चिठ्ठीवर विसंबून ठरवू नये. रिकामा डबा बंद करून पाण्याच्या बादलीत दाबून धरावा. कडेने बुडबुडे आले, तर तो डबा चिवड्यासाठी ठेवावा. सीडीची नेहमीची कडक केस सुमारे एक सेंटिमीटर जाड असते, त्यामुळे आतून ३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १५ उंच अशा डब्यात पंचवीस सीडी पुस्तकांसारख्या उभ्या राहतात आणि शेजारी सिलिका जेलच्या पिशवीला जागा उरते.

सिलिका जेल किती घालावे याचा हिशेब सोपा आहे. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असते, म्हणजे वर सांगितलेल्या सात लिटरच्या डब्यातल्या हवेत पाव ग्रॅमदेखील पाणी नसते. मध्यम आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी धरून ठेवते, म्हणजे ५० ग्रॅम जेल दहा ग्रॅम पाणी सामावून घेईल. मग ते काही महिन्यांत संपते कसे? कारण हवेपेक्षा कागद जास्त पाणी बाळगतो. केसेसमध्ये घातलेल्या याद्या, फोटो, जाड पुठ्ठ्याची आवरणे ही सगळी ओल घेऊन डब्यात शिरतात. म्हणून कागद शक्यतो बाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि केसमध्ये एकच बारीक चिठ्ठी असू द्यावी. मोठ्या पुड्यांतले जेल प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायने विकणाऱ्या दुकानांत मिळते. बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांवर भिस्त ठेवू नये.

जेल रंग बदलणारे घ्यावे. निळे जेल ओल शोषल्यावर गुलाबी होते. त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे, तेव्हा घरात लहान मूल असल्यास नारंगी जातीचे जेल घेणे श्रेयस्कर. जेल मलमलच्या दुहेरी पिशवीत शिवून ठेवावे, म्हणजे त्याची कणीदार धूळ डिस्कांवर बसत नाही. रंग पालटला की दाणे पिशवीतून काढून, केवळ याच कामासाठी राखलेल्या स्टीलच्या ताटलीत पसरून, ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवावेत, बंद बाटलीत गार होऊ द्यावेत आणि पुन्हा भरावेत. त्या ताटलीत पुन्हा खाद्यपदार्थ करू नयेत.

डब्यात छोटा अंकी आर्द्रतामापक ठेवला की अंदाजपंचे काम उरत नाही. मात्र स्वस्त मापक दहा-दहा टक्क्यांनी चुकतात, म्हणून वापरण्यापूर्वी त्याची मिठाने परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घ्यावे, त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे, विरघळू देऊ नये. ते झाकण आणि मापक, एकमेकांना न लागता, चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठ तास तसेच ठेवावेत. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल, तर तो पाचाने कमी दाखवतो हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. डब्यातला आकडा ३० ते ४५ च्या दरम्यान राहिला की झाले. तो वीसच्या खाली नेण्यात काही लाभ नाही, अशा वेळी थोडे जेल काढून घ्यावे.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर डब्यात किंवा डब्याच्या कपाटात ठेवू नयेत. साड्यांच्या कपाटात एक कप्पा डिस्कांना देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, पण डांबराच्या गोळ्यांतून निघणारी वाफ केसेसच्या पॉलिस्टायरीनला मानवत नाही. पॉलिकार्बोनेटलाही अशा द्रव्यांपासून दूर ठेवलेले बरे.

डबा घरात कोठे ठेवावा

पोटमाळ्यावर ठेवू नये, विशेषतः शेवटच्या मजल्यावर, कारण एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालची जागा तापते आणि रंगद्रव्याचे वय उष्णतेने भराभर सरते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, कारण पावसाळ्यात तीच भिंत पाझरते. फ्रिजमध्ये तर मुळीच नको. बाहेर काढताक्षणी डिस्कवर दव धरते. हीच अडचण वातानुकूलित खोलीतही येते. रात्रभर एसी चालतो, सकाळी बंद होतो, खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा थंड डिस्कवर येऊन बसते. डबा बंद असेल तर हे टळते, पण अशा खोलीतून डबा बाहेर आणल्यावर तासभर न उघडता तसाच राहू द्यावा.

आता उंचीविषयी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कलिना, कुर्ला यांसारख्या भागांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी भरले. त्या दिवसानंतर कित्येकांनी अल्बम उन्हात वाळत घातलेले मी पाहिले. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी डबा छातीच्या उंचीपेक्षा वर ठेवावा. तरीही डिस्क पुराच्या पाण्यात भिजल्याच, तर चिखल वाळू देऊ नये, कारण वाळलेला चिखल पुसताना पॉलिश कागदासारखा घासतो. केसमधून काढून, कागद बाजूला करून, स्वच्छ पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने हळूच धुवाव्यात आणि सावलीत कडेवर उभ्या करून वाळवाव्यात.

लिहिताना घ्यायची काळजी

जपणूक खरेदीपासून सुरू होते, आणि खरेदी दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे. एकेकाळी जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाणारी भारतातली मोझर बेअर ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, पॅनासॉनिकने लिहिण्याजोग्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन २०२३ मध्ये थांबवले आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. लॅमिंग्टन रोडवर आजही डिस्क मिळतात, पण त्यातला काही माल किती पावसाळे दुकानात काढून आला आहे हे वेष्टनावरून कळत नाही. कोऱ्या डिस्कचेही वय होते. म्हणून स्वस्त मिळतात म्हणून शंभर डिस्कांची चळत घेऊन ठेवण्यापेक्षा लागतील तेवढ्याच, उत्पादनाची तारीख पाहून घ्याव्यात, आणि त्या चळतीतली पहिली डिस्क लिहून, तपासून मगच बाकीच्या वापरण्यास घ्याव्यात.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क दीर्घकाळच्या साठवणीसाठी घेऊ नयेत. दुहेरी थराच्या ८.५ जीबीच्या डीव्हीडीपेक्षा एकेरी थराच्या दोन डीव्हीडी बऱ्या. ब्ल्यू-रे घेताना वेष्टनावर एलटीएच ही अक्षरे असतील तर ती डिस्क परत ठेवावी, कारण तिच्यातही सीडीप्रमाणे सेंद्रिय रंगद्रव्यच असते. नेहमीच्या, एचटीएल म्हटल्या जाणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कमध्ये असेंद्रिय थर असतो आणि उजेडाचा त्याला तितका धाक नसतो. एम-डिस्क या नावाने विकल्या जाणाऱ्या डिस्कही असेंद्रिय थराच्याच. त्यांच्या हजार वर्षांच्या आयुष्याचा दावा विक्रेत्यांचा आहे. मी त्या वापरतो, पण हजार वर्षांच्या भरवशावर दुसरी प्रत करण्याचे टाळत नाही.

लिहिण्याचा वेग सर्वांत कमीही नको आणि सर्वांत जास्तही नको. सोळापट वेगाच्या डीव्हीडीवर आठपट वेगाने लिहिणे साधारणपणे मानवते. लिहिताना संगणकावर दुसरे काम करू नये, एकाच बैठकीत डिस्क पूर्ण करून बंद (फायनलाइझ) करावी आणि लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय कधीही वगळू नये. डिस्क काठोकाठ भरू नये. माहिती आतल्या कड्यापासून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते, आणि बोटे, ओल व वाक यांचा पहिला मार बाहेरच्या कडेलाच बसतो. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असते व संगणक ती ४.३८ दाखवतो. मी चारच्या वर जात नाही.

बाहेरची कड आधी जाते म्हणजे काय होते, हे आमच्या घराण्याने अनुभवले आहे. चुलतबहिणीच्या २००६ सालच्या लग्नाची डीव्हीडी ज्या स्टुडिओने दिली, त्याने वधूवरांचा फोटो छापलेला गुळगुळीत कागद पूर्ण डिस्कभर चिकटवला होता. तेव्हा सगळ्यांनी त्याचे कौतुकच केले. नऊ पावसाळ्यांनंतर तो कागद ओल पिऊन एका बाजूने फुगला, डिस्क किंचित बशीसारखी वाकली आणि ड्राइव्हमध्ये घातली की पिठाच्या गिरणीसारखी घरघरू लागली. अनेक खटपटींनंतर सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंतचा भाग वाचवता आला. वरात बाहेरच्या कडेला होती, ती गेली. तात्पर्य, डिस्कवर कागद चिकटवू नये, आणि आधीच चिकटवलेला असेल तर तो सोलूही नये, कारण त्याच्याबरोबर सीडीचा चांदीचा थर निघून येतो. अशी डिस्क असेल त्या स्थितीत लगेच उतरवून घ्यावी.

डिस्कवर लिहायचे ते पाण्याच्या शाईच्या, मऊ टोकाच्या मार्करने, आणि तेही भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, जिथे माहिती नसते. बॉलपेन नको, कारण त्याचे टोक लेप दाबते. एक क्रमांक व वर्ष एवढेच तिथे मावते आणि तेवढे पुरे असते. सविस्तर यादी वहीत व संगणकावर ठेवावी.

हाताळणी व सफाई यांविषयी थोडक्यात एवढेच की डिस्क भोकात बोट घालून आणि कडेने धरावी. केसमधून काढताना मधल्या दातेरी खुंटीला दाबावे, डिस्क वाकवून उपटू नये. पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल पुसू नये, कारण माहिती गोलाकार रेषेवर असते आणि त्या दिशेचा एकच ओरखडा सलग माहिती खातो. थिनर, पेट्रोल, काच पुसण्याचे द्रव वर्ज्य.

वेळोवेळी तपासणी

डिस्क बिघडत असताना तसे सांगत नाही, ही तिची मोठी खोड आहे. प्रत्येक डिस्कवर मूळ माहितीबरोबर दुरुस्तीचे जादा अंक लिहिलेले असतात, आणि ड्राइव्ह चुका दुरुस्त करून आपल्यापुढे अचूक माहिती ठेवत राहतो. चुकांची संख्या दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेली की एके दिवशी फाइल उघडतच नाही. म्हणून फाइल उघडली म्हणजे डिस्क ठणठणीत आहे असे मानू नये. ज्यांचा ड्राइव्ह साथ देतो त्यांनी नीरो डिस्कस्पीड किंवा क्यूपीएक्सटूल यांसारख्या प्रोग्रॅमने चुका मोजाव्यात. सीडीसाठी सेकंदाला सरासरी २२० सी१ चुका (दुरुस्तीच्या पहिल्या पायरीवर सापडणाऱ्या) आणि डीव्हीडीसाठी माहितीच्या लागोपाठच्या आठ गटांत मिळून २८० पीआय चुका (डीव्हीडीतल्या तशाच) ही मान्य मर्यादा आहे. मर्यादेपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे गेल्या वेळच्या आकड्याशी तुलना. वीसचे साठ झाले असतील, तर मर्यादा दूर असली तरी नवी प्रत काढावी. सी२ चूक, म्हणजे पहिल्या पायरीवर दुरुस्त न झालेली, मात्र एकही दिसली तरी त्याच दिवशी प्रत काढावी.

ज्यांना एवढे करणे शक्य नाही त्यांनी लिहितानाच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हा ठसा (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारी अक्षर-अंकांची ओळ) काढून तो डिस्कवरही आणि संगणकावरही ठेवावा, आणि पुढे डिस्क पूर्ण वाचून ठसे जुळतात का ते पाहावे. वाचताना ड्राइव्ह मध्येच मंदावला, पुन्हा पुन्हा वेग घेऊ लागला, तर ठसा जुळला तरी ती डिस्क संशयित समजावी. फार मोलाच्या मजकुरासाठी डीव्हीडिझास्टर या मोफत प्रोग्रॅमने दुरुस्तीची जादा माहिती तयार करून ठेवता येते. बिघडलेली डिस्क एका ड्राइव्हने नाकारली तरी दुसऱ्या ड्राइव्हवर डीडीरेस्क्यू या माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने पुष्कळदा वाचता येते, तेव्हा ती फेकण्याची घाई करू नये.

लिहिल्यावर एका वर्षाने पहिली आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एक, अशी तपासणी पुरते. ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावी आणि त्याच वेळी सिलिका जेल तापवून भरावे, म्हणजे डबा वर्षातून एकदाच उघडावा लागतो. ज्या डिस्क वारंवार लागतात त्यांची वापरायची प्रत वेगळी असावी.

मराठी माणसाने आणखी एक गोष्ट तपासायला हवी. २००० च्या आसपासच्या सीडींवर स्मरणिकांचा, कथांचा, मंडळांच्या अहवालांचा जो मजकूर आहे तो बहुतेक श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला आहे. डिस्क शाबूत, फाइल शाबूत, पण तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची रांगोळी उमटते. अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ फाइल व फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत यांच्यासह एकत्र ठेवाव्यात. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, ते डोळ्यांनी वाचूनच दुरुस्त करावे लागतात. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरांत, लहान आणि वर्षाने सुरू होणारी ठेवावीत, कारण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या सीडीवर देवनागरी नावे कापली जातात किंवा प्रश्नचिन्हांत बदलतात.

दुसरा संच मुंबईबाहेर ठेवावा, आणि तो शक्यतो वेगळ्या कंपनीच्या डिस्कांवर लिहावा, म्हणजे एका उत्पादनातला दोष दोन्ही संचांना ग्रासत नाही. तिसरी प्रत हार्ड डिस्कवर असावी. घाटावरची कोरडी हवा या कामी येते. आमचा दुसरा संच नाशिकला मावशीकडे, माजघरातल्या भिंतीतल्या कपाटात आहे आणि तिथला आर्द्रतामापक श्रावणातही क्वचितच डबा उघडायला लावतो. त्या डब्यात मी डिस्कांबरोबर यूएसबीचा एक बाहेरचा ड्राइव्हही ठेवला आहे, कारण नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह येणे बंद झाले आहे. ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्ये ट्रे सरकवणारा बारीक रबरी पट्टा असतो, तो न वापरता कडक होतो, आणि दमट जागी लेन्सवर बुरशी धरते. म्हणून तपासणीच्या दिवशी तोही जोडून, चार वेळा ट्रे आतबाहेर करून, एक डिस्क पूर्ण वाचून मग परत ठेवतो. मावशीला त्या कामाचे फार अप्रूप नाही, पण डब्यावर तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली आहे: यात पापड नाहीत.